पोरांच्या सॅकमध्ये काय भरायचं?

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. फक्त दुसऱ्यांची पोरं घेऊन डोंगर चढायला लागायचं. दर खेपेला एखादा किस्सा कुसळासारखा मोज्याला चिकटून घरी येतोच. उपटून टाकला तरी आठवड्याने दुसऱ्याच मोज्यात सापडतो! नव्वदच्या दशकात मी सात-आठ वर्षं हा उद्योग केला. त्यामुळे आता चार माणसं जमली आणि कुणी नुसतं "मुलाला कॅम्पला पाठवतोय, काय काय घेऊ?" असं विचारलं, की आमचे हे चहा ठेवायला उठतात. त्यांना माहीत असतं, आता तासभर तरी सुटका नाही.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन बंगलोरला आले, जे. पी. नगरात राहायला लागले आणि एका कारखान्यात ड्रॉइंग्ज काढायची नोकरी धरली. कॉलेजात असताना सह्याद्री बराच तुडवला होता. इथे डोंगर होते, पण सोबत नव्हती. ती मिळाली थेट कारखान्याच्या गेटवर. आप्पा पाटील! बेळगावजवळच्या खेड्यातले, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले आणि आमच्याकडे सिक्युरिटीचे प्रमुख. मिशी अशी, की गेटपास विसरलेला माणूस मिशी बघूनच परत जायचा.

एकदा मी सहज म्हटलं, "आप्पा, कॉलनीतल्या मुलांना घेऊन महिन्यातून एकदा डोंगरावर जाऊ या का?"

"जाऊया की!" आप्पा म्हणाले. "पण पोरांच्या पाठीवर काय द्यायचं, ते मी ठरवणार."

आणि सगळी गंमत तिथेच सुरू झाली. कारण लहान मुलांसाठी म्हणून डोंगरावरचं सामान तेव्हा आम्हाला बाजारात कुठे दिसतच नव्हतं. सॅक मिळायची ती सहा फुटी माणसाची. आठ वर्षांच्या पोराच्या पाठीवर ती अडकवली, की पोर दिसेनासं व्हायचं. नुसती सॅक दोन पायांवर चाललेली दिसायची!

*

पहिली सहल बंगलोरजवळच्या सावनदुर्गला. सकाळी सहाला आमच्या बिल्डिंगच्या आवारात दहा मुलं जमली. आप्पांनी जमिनीवर ताडपत्री अंथरली आणि हुकूम सोडला, "सगळ्यांनी सॅक उलटी करा."

आया बिचाऱ्या पहाटे चारपासून त्या भरत होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत आप्पांनी एकेक वस्तू उचलून दोन ढीग करायला सुरुवात केली. एक ढीग डोंगरावर जाणारा, दुसरा घरी परत जाणारा. घरचा ढीग भराभर वाढायला लागला. उशी, छत्री, बॅडमिंटनची रॅकेट, लोणच्याची अख्खी बरणी!

सगळ्यात जड सॅक होती तन्मय वानखेडेची. वानखेडे कुटुंब नागपूरहून नुकतंच आलेलं. वडील सॉफ्टवेअरमध्ये आणि आई मुलाच्या काळजीत! वहिनींनी सहा स्टीलचे डबे दिले होते आणि सगळ्यात खाली, टॉवेलात गुंडाळून, काचेच्या फ्रेमसकट गणपतीचा फोटो.

आप्पांनी फोटो आधी कपाळाला लावला. मग हळूच विचारलं, "वैनी, हे कशाला?"

"जंगलात चालला ना जी पोरगा! सोबत कोणी पाहिजे की नाही?" वहिनींचे डोळे भरून आले होते. तन्मय पहिल्यांदाच त्यांना सोडून कुठे निघाला होता.

कुणाला हसावं असं वाटलं नाही. आप्पांनी फोटो दोन्ही हातांनी वहिनींना परत दिला आणि म्हणाले, "वैनी, देव काय आपल्या पाठीवर बसून जातोय व्हय? सावनदुर्गाच्या पायथ्याला दोन-दोन देवळं हायत. तो आधीच जाऊन बसलाय. पोराला हलकं सोडा की!"

वहिनींनी फोटो घेतला, पण सहा डब्यांतला एक मात्र पुन्हा सॅकमध्ये सरकवला. आप्पांनी बघून न बघितल्यासारखं केलं. वर पोचल्यावर तो डबा उघडला. त्यात संत्र्याची बर्फी होती! त्यानंतर वहिनींचा एक डबा तपासणीतून कायमचा माफ झाला.

*

वानखेडेसाहेबांची काळजी वेगळ्या पद्धतीची होती. ते कंपनीच्या कामासाठी तीन महिने अमेरिकेला गेले आणि येताना तन्मयसाठी खास मुलांचा 'सर्व्हायव्हल किट' घेऊन आले. लाल डबा, त्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र. आत होकायंत्र, मासे पकडायचा गळ, वाऱ्यात न विझणाऱ्या काड्या, बर्फात डोळे दिपू नयेत म्हणून काळा चष्मा आणि एक पुस्तिका.

"ताई, याच्यात सगळं आहे," साहेब अभिमानाने म्हणाले. "पोरगा अलास्कात हरवला तरी आठ दिवस काढते!"

"आपण रामनगरला चाललोय," मी म्हटलं.

"तेच सांगून राहिलो मी. अलास्कात टिकते, तर रामनगर म्हणजे काय?"

तन्मयने ती पुस्तिका बसमध्ये दोनदा वाचून काढली. त्यात अस्वलावर एक अख्खं प्रकरण होतं. अस्वल दिसलं की पळायचं नाही, ओरडायचं नाही, पालथं पडून मान हातांनी झाकायची आणि मेल्यासारखं निपचित राहायचं. आता रामनगरच्या त्या कातळांत अस्वलं आहेत, हे खरं. म्हणून तर आम्ही गावाजवळची, रहदारीची वाट धरली होती.

अर्ध्या वाटेवर मोजणी केली तर नऊच मुलं! आप्पा उलटे धावले, मी त्यांच्या मागे. वळणावर येऊन बघतो तर तन्मय वाटेच्या मधोमध पालथा, मानेवर हात, डोळे घट्ट मिटलेले. दहा फुटांवर एक काळीभोर म्हैस उभी, अर्धं अंग झुडपात. ती रवंथ करत अतिशय शांतपणे त्याच्याकडे बघत होती. मागून तिची मालकीण आली, साठीची एक बाई, हातात काठी. तिने म्हशीकडे बघितलं, तन्मयकडे बघितलं आणि वाकून प्रेमाने त्याच्या डोक्यावर टपली मारली.

"मगू, मनेलि मल्को!"

म्हणजे, बाळा, झोपायचं तर घरी झोप!

तन्मय उठून बसला. चेहरा धुळीने माखलेला, पण ताठ. "मावशी, मी एकदासुद्धा हललो नाही," तो म्हणाला.

मला हसू आवरेना. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याच्या शर्टवरची धूळ झटकली आणि म्हणाले, "शाब्बास! म्हशीला घाबरून पळणारे लई बघितले. घाबरून हुकूम पाळणारा पयलाच बघितला."

पोरगं महिनाभर ते वाक्य सांगत फिरत होतं.

*

शिट्टी. आप्पांच्या मते मुलाच्या अंगावरची ती सगळ्यात महत्त्वाची वस्तू. सॅक हरवली तरी चालेल, शिट्टी गळ्यातच पाहिजे. हरवलेल्या पोराचा घसा पाच मिनिटांत बसतो, शिट्टीचा बसत नाही.

म्हणून एका शनिवारी दुपारी मी, आप्पा आणि पाच-सहा मुलं ॲव्हेन्यू रोडला खेळाच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने सात प्रकारच्या शिट्ट्या काढून ठेवल्या. "आता वाजवून बघा," आप्पा म्हणाले.

दुकान एवढंसं. मग मुलं बाहेर फुटपाथवर उभी राहिली आणि सगळ्यांनी एकदम फुंकलं!

एक ऑटो कचकन थांबली. तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे हातगाडी. एका स्कूटरवाल्याने तर आपणहून खिशातून लायसन काढलं! आणि चौकातून खरा ट्रॅफिक हवालदार तरातरा आमच्याकडे आला.

"एनम्मा इदु?" हे काय चाललंय, बाई?

माझं कन्नड तेव्हा 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, यांच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. आप्पांनी त्यांच्या बेळगावी कन्नडमध्ये सगळं समजावलं. पोरं, डोंगर, धुकं, हरवलं तर काय करायचं. हवालदार ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. त्याने आधी हात करून रस्ता मोकळा केला, मग दुकानाच्या पायरीवर बसला आणि सातही शिट्ट्या मागून घेतल्या.

एकेक हातात घेऊन त्याने वर्गच घेतला, आप्पा मला मराठीत सांगत होते. ही बघा, हिच्यात गोळी आहे. पावसात, थुंकीने ती भिजून फुगते आणि अडकते. नेमकी गरजेच्या वेळी मुकी होणार. ही बेडा, नको. ही लोखंडी. थंडीत ओठाला चिकटते, शिवाय गंजते. हिचा आवाज मोठा, पण फुंकायला मोठ्या माणसाची छाती लागते. लहान पोराला जमणार नाही. शेवटी त्याने एक साधी, बिनगोळीची, प्लॅस्टिकची शिट्टी उचलली. घोळक्यातल्या सगळ्यात छोट्या मुलीला दिली आणि म्हणाला, "ऊदु." फुंक.

तिने गाल फुगवून हलकीशी फुंकर मारली. पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं!

"हीच," हवालदार म्हणाला. आम्ही त्याचे आभार मानले. तो उठला, टोपी नीट केली आणि थोडा थांबला.

"बावीस वर्षं मी शिट्टी फुंकतोय," तो आप्पांना म्हणाला. "शिट्टीतलं मला काही कळत असेल, असं आज पहिल्यांदा कुणाला वाटलं."

*

आमच्या सॅक कोण शिवायचं, ते सांगायचं राहिलंच. जयम्माक्का! आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तिचं शिलाई मशीन होतं. आप्पा फौजेतली जुनी कॅनव्हासची सॅक घेऊन तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "अक्का, हीच पायजे, पण निम्मी." अक्काने ती सॅक उसवली, प्रत्येक तुकडा जमिनीवर मांडला, एका मुलाला समोर उभं करून त्याच्या पाठीचं माप घेतलं आणि तिसऱ्या दिवशी निम्मी सॅक तयार! पट्टे खांद्यावरून घसरू नयेत म्हणून छातीवर एक आडवी पट्टीसुद्धा तिने स्वतःच्या डोक्याने लावली होती.

त्या वर्षी श्रावणात शिवगंगेच्या डोंगरावर जायचं ठरलं. पाऊस असणार, म्हणजे मुलांना रेनकोट हवेत. आया म्हणाल्या नेव्ही ब्लू घ्या, मळ दिसत नाही. आप्पा म्हणाले, "मळ दिसू दे, पोर दिसायला पायजे! धुक्यात निळं पोर आन् निळा धोंडा एकच."

अक्काकडे एका जत्रेच्या ऑर्डरमधलं जाड, भगव्या रंगाचं कापड पडून होतं, पावसाचं पाणी न झिरपणारं. आप्पा खूश. तिने दहा मुलांना डोक्यावरून घालायचे, पायघोळ, टोपीवाले दहा झगे शिवून दिले.

शिवगंगेला बसमधून उतरलो तेव्हा बारीक भुरभुर सुरू होती. मुलांनी झगे चढवले, टोप्या ओढल्या आणि आप्पांनी शिकवल्याप्रमाणे एका ओळीत, न बोलता चालायला लागली. शिवगंगा म्हणजे पावलोपावली देवळं. श्रावणातला सोमवार, रस्ता भक्तांनी फुललेला. दहा भगवी मुलं एका रांगेत येताना दिसली आणि लोक आपोआप बाजूला व्हायला लागले.

एका आजीने हात जोडले. दुसरीने पुढच्या मुलाच्या हातात केळं ठेवलं. मग काय, नारळ, फुलं, खडीसाखर! कुठल्या तरी मठाचे बालसंन्यासी आलेत, अशी कुजबुज आमच्या पुढे पुढे धावत होती. मी "नाही हो, नाही, ही आमची..." असं मराठीत ओरडत होते. ते कुणाला कळणार? आप्पा रांगेच्या शेवटी होते, ते कन्नडमध्ये सांगायला पुढे येईपर्यंत एक म्हातारे गृहस्थ तन्मयच्या पाया पडायला वाकले.

तन्मय गोंधळला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मग, त्याच्या घरी आजोबा करतात तसं, त्या गृहस्थांच्या डोक्यावर हात ठेवून स्पष्ट म्हणाला, "सुखी राहा. आणि दूध पीत जा!"

आप्पांनी शेवटी सगळ्यांना हात जोडून खरं काय ते सांगितलं. लोक पोट धरून हसले, पण दिलेलं कुणी परत घेतलं नाही. उलट एका आजीने आणखी एक केळं दिलं. त्या दिवशी आमचे डबे उघडलेच नाहीत.

उतरताना मी म्हटलं, "आप्पा, तुमचा रंग!"

आप्पा केळं सोलत म्हणाले, "दुरून दिसावा म्हणून घेतला होता, बाई. इतका दिसंल असं वाटलं नव्हतं."

*

बुटांचा एक छोटासा किस्सा.

लहान मापाचे चांगले, घोटा धरणारे बूट आमच्याकडे एकच जोडी होते. कुणाच्या तरी मामाने परदेशातून पाठवलेले, तपकिरी चामड्याचे. मुलांचे पाय वाढायचे आणि बूट पुढच्या मुलाकडे जायचे. आप्पांनी नियम केला होता, की बूट सोडताना आतल्या जिभेवर आपलं नाव लिहायचं. असं करत करत पाच नावं झाली.

सहावी पल्लवी, जयम्माक्काची नात. आजी सॅक शिवते, पण नात कधी डोंगरावर आली नव्हती. भित्री होती फार. पहिल्याच उतारावर ती एका कातळाशी येऊन बसली. "मावशी, मला येणार नाही. माझे पाय घसरतात."

मी समजावलं, हात पुढे केला, काही उपयोग नाही. ती रडत रडत बुटाची नाडी सोडायला लागली. मी थांबले. नाडी सुटल्यावर तिने बुटाची जीभ उलटी केली आणि रडता रडता नावं वाचायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच.

"हे सगळे इथून उतरले?"

"सगळे. ह्याच बुटांत."

तिने नाक पुसलं, विचार केला आणि पुन्हा नाडी बांधली.

"सरी," ती म्हणाली. "म्हणजे बुटांना रस्ता माहीत आहे. मी नुसतं आत उभं राहायचं!"

*

आता अनघाचा.

अनघा दहा वर्षांची, कोलारच्या वाटेवर के. आर. पुरमला राहायची. तिला सातव्या वर्षापासून डायबेटिस होता. लहान मुलांना होतो तो, रोज इन्सुलिन घ्यावं लागणारा. तिची आई मेधा माझ्याबरोबर कारखान्यात होती. अनघा दर महिन्याला आमच्या सहलींचे फोटो बघायची आणि परत द्यायची. एके दिवशी मात्र मेधा माझ्या टेबलापाशी आली. "सुनंदा, ती रात्री विचारत होती, 'आई, मी कधीच जाणार नाही का?' मी काय उत्तर देऊ?"

आमचा कोलारजवळच्या डोंगरात दोन दिवसांचा कॅम्प होता, पायथ्याच्या गावात शाळेच्या वर्गांत मुक्काम. दोन दिवस म्हणजे इन्सुलिन बरोबर न्यायला हवं. आणि ते तापता कामा नये. मार्च महिना होता.

डॉक्टरांनी जायला परवानगी दिली, काय जपायचं तेही लिहून दिलं. पण बाटली गार कशी ठेवायची? मी थर्मासपासून बर्फापर्यंत सगळं सुचवलं. डॉक्टर म्हणाले, बर्फ नको, गोठलं तर औषध वाया. मग आप्पा म्हणाले, "छागल!"

छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. कापड ओलं राहतं, वारा लागतो आणि आतलं गार होतं. फौजेत आप्पा राजस्थानात वर्षानुवर्षं तिचंच पाणी प्यायले होते. जयम्माक्काने तळहाताएवढी छागल शिवली, आत कोरडा कप्पा ठेवून. मी कारखान्यातला थर्मामीटर आणला आणि आठवडाभर ती पिशवी आमच्या बाल्कनीत टांगली. अनघा शाळा सुटली की आईबरोबर येऊन आकडे वहीत उतरवायची. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी वही बघितली आणि मान डोलावली.

पिशवी पास झाली. मग मेधा म्हणाली, "आता तुम्ही दोघं."

तिने एक संत्रं आणि सिरिंज समोर ठेवली. अनघा स्वतः इंजेक्शन घ्यायची, पण वेळ आली तर मला आणि आप्पांना देता यायला हवं. मी दिलं कसंबसं. आप्पांची पाळी आली. गोळ्या झेललेला माणूस तो, पण सुई संत्र्यापाशी नेऊन अडला. अनघाने शांतपणे त्यांचा हात धरला.

"आप्पा, टोचा. संत्रं रडत नाही."

आप्पांनी टोचलं. मग खिडकीशी जाऊन बराच वेळ मिशी पुसत राहिले.

निघायच्या दिवशी मेधाने के. आर. पुरमच्या बसस्टॉपवर अनघाच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात साखरेच्या पुड्या ठेवल्या. रक्तातली साखर कमी झाली तर लगेच घ्यायच्या. हात थरथरले, घाम आला, बोलण्यात घोटाळा व्हायला लागला, तर थांबायचं. तिने हे मला चार वेळा सांगितलं. बस सुटली तेव्हा ती हात हलवायचीसुद्धा विसरली.

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मुलं पोटभर उप्पीट खाऊन चढायला निघाली. मी मात्र अनघाच्या मागे सावलीसारखी. तिने किती खाल्लं, इंजेक्शन नीट घेतलं का, पिशवी ओली आहे का. त्या दिवशी माझी चतुर्थी होती. नुसत्या चहावर निघाले होते, पण ते माझ्या डोक्यातही नव्हतं. मोठमोठ्या धोंड्यांमधून वाट, ऊन चढत चाललेलं. दर दहा पावलांवर मी तिला विचारत होते, "बरं वाटतंय ना? पाणी प्यायलीस?"

एका धोंड्याशी अनघा थांबली, वळली आणि माझ्याकडे नीट बघायला लागली.

"मावशी, पाणी प्यायलीस का, हे तुम्ही आत्ता लागोपाठ तीनदा विचारलंत."

"हो का?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"आणि तुमचे हात बघा. बसा."

"अगं, मला काही..."

"बसा!" तिच्या तोंडून हुबेहूब मेधा बोलत होती. मी बसले. खरं तर पाय आपणहूनच वाकले. समोरचे धोंडे हळूहळू फिरत होते. तिने सॅक उतरवली, पुढचा कप्पा उघडला, दोन पुड्या फाडून बाटलीच्या झाकणातल्या पाण्यात ओतल्या आणि बोटाने ढवळलं.

"घ्या."

"अनघा, माझा उपास आहे."

"साखर उपासाला चालते!"

मी प्यायले. तिने माझ्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. "पंधरा मिनिटं उठायचं नाही. बोलायचं नाही." मग पुढे गेलेल्या आप्पांना हाक मारून तिने सगळ्यांना सावलीत थांबवलं. आप्पा येऊन बघून गेले. अनघासमोर टाचा जुळवून उभे राहिले आणि तिने मान हलवल्यावरच मागे फिरले.

पंधरा मिनिटांनी धोंडे जागच्या जागी आले. तिने मला वानखेडे वहिनींच्या डब्यातलं काहीबाही खायला लावलं, मग स्वतःही खाल्लं आणि आम्ही सगळे वर पोचलो. वरून लांबवर तलाव चमकत होते. अनघा कातळावर उभी राहिली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

संध्याकाळी पाचला बस के. आर. पुरमला आली. मेधा तिथेच उभी होती. बहुधा तीनपासून. अनघा उतरली तशी तिने तिचे गाल, कपाळ, हात चाचपले, छागल उघडून बघितली, मग सॅकचा पुढचा कप्पा उघडला. दोन रिकाम्या पुड्या तिच्या हाताला लागल्या.

"सुनंदा, काय झालं हिला?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात अनघाने सॅक खांद्यावरून उतरवून आईच्या हातात दिली.

"आई, पुढच्या महिन्यात पुड्या जास्त दे. मोठी माणसं नीट खात नाहीत!"